म्हशीचं तिकीट

फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी दयासमोर बसून मेथी निवडत होतो. खरं म्हणजे निवडत तीच होती. मी काड्या पानांत टाकत होतो आणि ती मुकाट्यानं बाहेर काढत होती. माझी ही बायको पस्तीस वर्षं नर्स होती, दुसऱ्याची चूक न बोलता निस्तरायची तिला सवय आहे. फोनवर एक तरुण मुलगी होती. "शलमोन आजोबा का? मी राहूवरनं प्रगती बोलतीय. हौसरावांची नात. तुमच्या चर्चमधनं नंबर घेतला." मी हातातली जुडी खाली ठेवली. हौसराव हे नाव आमच्या घरात पन्नास वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ती घाईघाईनं पुढं बोलत होती, तिला बहुतेक कामावर जायचं होतं. "आबा तसं बरं हायत. जेवत्यात, झोपत्यात. पर दोन महिने झाले, माणसं वळखत न्हाईत. आन् सारखं एकच म्हणत्यात, 'तिथं म्हशीचं काय काम?' एवढं म्हणत्यात आन् थांबत्यात. आमच्या तोंडाकडं बघत बसत्यात. आम्हाला वाटलं, दारातल्या म्हशींचा त्रास व्हतोय, म्हणून पप्पांनी म्हशी मागच्या शेडमंदी नेल्या. तरी तेच! मम्मी म्हणाली, ह्ये तमाशातलं असंल. त्याचा जबाब तुम्हाला ठावं असंल, तर सांगता का? आम्ही सांगू त्यांना. जबाब मिळाला तर गप तरी बसतील."

जबाब मला ठाऊक होता. दोन वाक्यांचा होता, फोनवर सांगून टाकला असता तर पुन्हा मेथी निवडायला मोकळा झालो असतो. पण तो मी सांगितला नाही. ती मुलगी "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि मी "उद्या येतो" म्हणून फोन ठेवला. दयानं मान वर केली. "कोण गेलं?" तिनं विचारलं. या वयात फोननंतर माणसाचा चेहरा उतरला की हाच प्रश्न असतो. "कुणी नाही," मी म्हणालो, "हौसराव आहे अजून." तिनं हातातली काडी बाजूला टाकली. मग म्हणाली, "आहे म्हणजे? असणारच. मारलं होतं ते तुम्ही." आणि पुन्हा मेथीला लागली. मला रागही आला नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. मला एवढंच कळत नव्हतं, की तो ते वाक्य का म्हणतो आहे. कारण ते वाक्य हौसरावचं नव्हतंच. ते माझं होतं.

'म्हशीचं तिकीट' ही आमची बतावणी. बतावणी म्हणजे तमाशात गवळण संपल्यावर आणि वग सुरू व्हायच्या आधी दोन माणसांनी उभ्या उभ्या मारलेल्या थापा. केंदूरकरांच्या फडात आम्ही दोघं आठ वर्षं ते काम केलं. हौसराव सोंगाड्या, म्हणजे हसवणारा. मी सवाल करणारा. मी दौंड स्टेशनचा मास्तर व्हायचो, डोक्यावर खरीखुरी रेल्वेची जुनी टोपी. तो हातात दावं घेऊन यायचा. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला काही नसायचं, पण तो ते असं ओढायचा, की पुढच्या रांगेतली माणसं पाय आखडून घ्यायची. मी विचारायचो, "कुठं निघालास?" तो म्हणायचा, "मी कशाला निघतोय? म्हैस निघालीया." "म्हैस कुठं निघाली?" "माझ्या सासुरवाडीला." मग मी टोपी काढून डोकं खाजवायचो आणि म्हणायचो, "तिथं म्हशीचं काय काम?" इथं हौसराव थांबायचा. हातातल्या दाव्याकडं बघायचा. लोकांकडं बघायचा. पुन्हा दाव्याकडं. त्याचा चेहरा हळूहळू रडवेला व्हायचा. नुसत्या त्या चेहऱ्यावर माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची, आणि ते हसणं ओसरत आलं, की तो अगदी हळू म्हणायचा, "बायकूला आणाया. माझं न्हाई ऐकत ती."

कागदावर यात काही नाही, मलाही कळतं. हौसरावचं सगळं त्या थांबण्यात होतं. किती थांबायचं हे तो कुठून शिकला कोण जाणे. राहूच्या बागायतदाराचा पोर, घरात सोसायटीचं चेअरमनपद, चुलता पंचायतीत, आणि हा तमाशात नाचतो म्हणून बापानं उंबऱ्याबाहेर काढलेला. मी शिरूरच्या मिशनच्या शाळेतल्या मास्तरचा मुलगा. माझ्या बापानं काढलं नाही, फक्त रोजच्या प्रार्थनेत माझं नाव घ्यायचं बंद केलं, ते जास्त लागलं. फडात गण, म्हणजे गणपतीचं नमन, सुरू झाला, की मी मागं सरकून उभा राहायचो. हौसराव एकदा म्हणाला, "तुझा देव आन् माझा देव मागं बिड्या वढत बसतील, तू पुढं ये." तेव्हापासून पुढं उभा राहू लागलो.

आमचं खरं काम दिसायचं ते हजेरीला. जत्रेत रात्री तमाशा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी द्यायची. तंबू नाही, दिवे नाहीत, माईक नाही. ऊन चढत असायचं, समोर पाराभोवती, झाडांवर, बैलगाड्यांवर चढून माणसं बसलेली. हौसराव हळू बोलायचा आणि मागच्यांना ऐकू जायचं नाही. म्हणून सवाल करणाऱ्याचं दुसरं काम असायचं, सोंगाड्याचा जबाब घ्यायचा आणि मोठ्यानं मागच्यांपर्यंत फेकायचा. "ऐकलं का मंडळी? म्हैस बायकूला आणाया चाललीया म्हणं!" मग हसण्याची दुसरी लाट मागून यायची. ती लाट मी उठवलेली असायची, पण नाव हौसरावचं व्हायचं, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. आता हे लिहिताना कळतं, की तेव्हाच काहीतरी वाटत असलं पाहिजे. फडाचा म्हातारा सरदार मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "ध्यान दे, पोरा. सवाल टाकला की जबाब येईस्तवर जागा सोडायची न्हाई. मंग वरनं आभाळ पडू दे." आठ वर्षं मी जागा सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दौंडहून दुपारच्या डेमू गाडीनं निघालो. दयानं डबा दिला, गोळ्या दिल्या, वर म्हणाली, "आणि बोलून या. नुसतं बघून येऊ नका." ती काय म्हणत होती ते मला ठाऊक होतं. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असतो. ज्याचं भावाशी वाकडं असेल, त्यानं आधी ते सरळ करून मग हात पुढं करायचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी गेली पन्नास वर्षं भाकर वाटायची वेळ झाली, की खोकल्याचं निमित्त करून बाहेर येतो आणि लोकांच्या चपला सरळ करत बसतो. चर्चचे तीन पाळक बदलले. तिघांनीही माझ्या खोकल्याची मनापासून चौकशी केली. दया बाकावर बसून राहते आणि परत आलो, की काही विचारत नाही. कधीतरी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं डब्यात बसल्यावर वाटलं. गाडीत दोन परप्रांतीय कामगार मोबाईलवर काहीतरी बघून हसत होते. त्या मोबाईलमध्ये दर चार सेकंदांनी माणसांचा हशा वाजत होता, आयता, एकाच मापाचा. रेडिओवर आम्हालाही असा हशा हवा होता, पण तेव्हा तो डबाबंद मिळत नव्हता.

रेडिओ म्हणजे तेव्हा आमच्यासारख्यांना सोन्याचा घास होता. अडुसष्ट साली फड मोडला, केंदूरकर बाईंचा घसा गेला होता, आणि पुण्याच्या केंद्रावर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दोन गावरान माणसं गप्पा मारायला हवी होती. आम्ही गेलो. खोलीला भिंतींवर गाद्या लावल्यासारख्या, मध्ये एक माईक आणि काचेपलीकडं निर्माते साहेब. ते भले माणूस होते, हे मुद्दाम सांगतो, म्हणजे सगळा दोष त्यांच्यावर जाणार नाही. पहिल्यांदा 'म्हशीचं तिकीट' केलं तेव्हा मी सवाल टाकला आणि हौसराव थांबला. गादीच्या भिंतीकडं बघितलं, माईककडं बघितलं, चेहरा रडवेला केला. काच ठोठावली गेली. साहेब आत आले आणि म्हणाले, "हौसराव, रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड. लोक उठून सेट बडवतील." हौसरावनं हात जोडले. पुन्हा केलं, पुन्हा तो थांबला. त्याला दुसरं येतच नव्हतं. माझंही तेच. त्यानं जबाब दिला, की मी सवयीनं तो ओरडून मागच्या लोकांकडं फेकायचो, आणि पलीकडं साहेब कानावरचं यंत्र काढून कान चोळायचे. पण मी तीन खेपांत सुधारलो. मला लिहिता-वाचता येत होतं, समोर कागद धरून बोलता येत होतं. हौसराव दर वेळी वेगळा जबाब द्यायचा. कधी म्हैस लग्नाला निघायची, कधी कोर्टात. शेवटी साहेबांनी त्याच्या थांबण्याच्या जागा टेपमधून कापून टाकल्या. कार्यक्रम लागला तेव्हा आम्ही दोघं हॉटेलात उभे राहून ऐकत होतो. सवालाला जबाब चिकटून येत होता. हौसराव ऐकून म्हणाला, "ह्यो कोण बोलतोय? ह्याला येवढी घाई कशाची?"

मग एका पावसाळ्यात राहूला नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी हौसराव पोचला नाही. साहेब घड्याळाकडं बघत होते. मी म्हणालो, "मी करून बघू का दोन्ही आवाज?" हे वाक्य मी म्हणालो, मला कुणी विचारलं नव्हतं. आठ वर्षं त्याच्यासमोर उभा होतो, त्याचा आवाज माझ्या घशात कधी येऊन बसला ते मलाही कळलं नव्हतं. मी स्टेशनमास्तर झालो, मान वळवली, हौसराव झालो. एका झटक्यात झालं, एकही जागा कापावी लागली नाही. साहेब इतके खूष झाले, की त्यांनी स्वतः चहा मागवला. पुढच्या आठवड्यात हौसराव आला तेव्हा मी आत माईकपुढं होतो. तो काचेपलीकडं साहेबांशेजारी उभा राहिला आणि त्यानं स्वतःचा आवाज माझ्या तोंडून निघताना पाहिला. मी थांबायला हवं होतं. थांबणं रेडिओला चालत नव्हतं, हे कारण मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "ब्येस जमलंय गड्या. माझ्यापरास ब्येस." त्यानं खांद्यावरचं दावं नीट केलं, ते तो रेडिओवरसुद्धा घेऊन यायचा, आणि एसटी स्टँडकडं चालायला लागला. मी त्याला पोचवायलाही गेलो नाही, कारण दुपारी दुसरं रेकॉर्डिंग होतं.

एवढ्यावरच राहिलं असतं तरी ते धंद्यातलं होतं, असं होतंच. पाटस गेलं, खिडकीतून उसाची हिरवी भिंत सरकत होती, आणि मी त्र्याहत्तर सालच्या त्या दुपारपाशी आलो, जिच्यापाशी येऊ नये म्हणून मी एरवी दुसरं काहीही करतो, चपलासुद्धा सरळ करतो. मुंबईला टीव्ही सुरू होऊन वर्ष झालं होतं. रेडिओच्या पत्त्यावर आम्हा दोघांच्या नावानं पत्र आलं, 'म्हशीचं तिकीट' घेऊन दोघांनी यावे. राहूला एक कार्ड टाकायचं होतं मला. कार्ड विकत घेतलंही होतं, पण ते टाकलं नाही. मनात हिशेब असा, की चार वर्षं मी दोघांचं एकट्यानं करतोय, टीव्हीवर का नाही जमणार? गेलो. इतके दिवे, की डोळ्यांना पाणी सुटलं. मी डावीकडं वळून टोपी घालून मास्तर झालो, उजवीकडं वळून टोपी काढून हौसराव झालो. आवाज बिनचूक होते. कॅमेऱ्यामागची माणसं शांत होती. जी बाई कार्यक्रम बसवत होती ती जवळ आली आणि अगदी हळुवारपणे म्हणाली, "आवाज छान आहेत हो. पण चेहरा दोन्ही वेळेला तुमचाच राहतो. ते दुसरे कुठं आहेत?" आणि मी म्हणालो, "ते वारले."

का म्हणालो? हजार वेळा विचार केलाय. 'येऊ शकले नाहीत' म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला पुढच्या आठवड्यात बोलावलं असतं, आणि तो चेहरा त्या दिव्यांखाली आला असता, तर माझ्याकडं पुन्हा कुणी पाहिलं नसतं, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. ती बाई बिचारी हळहळली. मला पुन्हा बोलावलं नाहीच. पण ती बातमी तिथून पुण्याला पोचली, आणि महिन्याभरात आमच्या कार्यक्रमाला पाच वर्षं झाली तेव्हा निवेदिकेनं माझ्याशेजारी बसून माईकमध्ये वाचलं, "दिवंगत कलावंत हौसराव यांचं स्मरण करून..." लाल दिवा लागलेला होता. थेट कार्यक्रम होता. मी फक्त तोंड उघडायचं होतं. मी पुढच्या ओळीवर बोट ठेवून बसलो, आणि माझी वेळ आली तेव्हा त्याच्याच आवाजात म्हणालो, "राम राम मंडळी." राहूमध्ये प्रत्येक घरात रेडिओ होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रोज त्या आवाजात बोललो. घरी शुद्ध बोलायचं, रेडिओवर गावरान बोलायचं, आणि दौंडपासून राहू तासाभराच्या अंतरावर असून तिकडं पाऊल टाकायचं नाही, असं माझं आयुष्य गेलं. मी फार थकलोय, असं त्या गाडीत बसल्या बसल्या मला पहिल्यांदा सरळ वाटलं. वयानं नव्हे, एवढ्या वर्षांच्या गप्प बसण्यानं.

केडगाव स्टेशनवर प्रगती स्कूटी घेऊन आली होती. कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच होतं. "हाफ डे टाकलाय," ती म्हणाली, "बसा, घट्ट धरा." वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागं आम्ही अडकलो, गुऱ्हाळाचा गोड धूर येत होता, आणि ती मान मागं करून ओरडून बोलायला लागली. "आबा तुमचं लय सांगायचे." मी जरा पुढं झुकलो. "काय सांगायचे?" "तेच की, रेडिओवर मेल्याचं! आमच्या घरात पाव्हणा आला की पयली तीच गोष्ट. म्हणायचे, मी रेडिओवर मेलो तवा गावातली माणसं पिठलं-भाकरी घिऊन दारात आली. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई ना. तर मीच दार उघडलं! ती रडाया लागली, मी म्हणलं, आणलीच हाय तर खाऊन घिऊ." ती स्वतःच हसायला लागली, स्कूटी हलली. "आन् दहाव्या दिशी नदीवर जाऊन बसले. म्हणले, माझ्या पिंडाला कावळा शिवतोय का बघतो." मी विचारलं, "शिवला का?" "कुठला! म्हणायचे, कावळ्याला ठावं हुतं, रेडिओ खोटं बोलतोय."

ट्रॅक्टर बाजूला झाला तरी ती हळूच चालवत होती. "मला तर वाटायचं, आबा उगंच फेकत्यात," ती म्हणाली. "पर आज्जी म्हणायची, खरं हाय. तुमचा कार्यक्रम लागला की आबा रेडिओम्होरं बसायचे आन् रेडिओला सवाल करायचे. 'कुठं निघालास?' म्हणायचे. आज्जी म्हणायची, आवं, त्यात सवाल करणारा बी हाय की. तर म्हणायचे, न्हाई, त्यात नुसता मीच हाय. सवाल करणारा कुठं गेलाय कुणास ठावं. म्हणून मी करतो." पुढं राहूची कमान आली, दुकानं आली, सोसायटीची नवी इमारत आली. मी प्रगतीच्या खांद्याला धरून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानं येतंय असं तिला वाटलं असावं, तिनं आरसा वळवला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्याचा आवाज घेतला. त्याला वाटत होतं, सवाल करणारा मीच कुठंतरी हरवलो. आणि त्यानं माझी जागा राखून ठेवली होती.

अंगणात कडुनिंबाखाली बाज होती आणि बाजेवर हौसराव बसला होता. किती लहान झाला होता. अंगात कुणाचा तरी जुना स्वेटर, गालांत खड्डे, पण भुवया त्याच, एक वर एक खाली, ज्यांच्यावर शेकडो माणसं हसली. सून अनिता घमेल्यात ज्वारी निवडत होती. "आला का जोडीदार?" ती म्हणाली. "बसा आण्णा, च्या टाकते." मी बाजेसमोर उभा राहिलो. वाटेत ठरवून ठेवलेलं बोललो. "हौसराव, मी शलमोन. माझं चुकलं. मी मुंबईला त्यांना सांगितलं की तू…" तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत कुणीच नव्हतं. माशी बसावी तसं ते शब्द त्याच्यावर बसले आणि उडून गेले. पन्नास वर्षं साठवलेली माफी, आणि घ्यायला माणूसच घरी नाही. मला वाटलं, संपलं, आता चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. एवढ्यात तो ताठ बसला. घसा साफ केला. डोक्यावर नसलेली टोपी नीट केली.

"कुठं निघालास?" तो म्हणाला. आवाज माझा होता. मिशनच्या शाळेत कमावलेला, थोडा कडक, मास्तरचा. अंगणात मला माझाच आवाज ऐकू आला. माझं तोंड आपोआप उघडलं. "मी कशाला निघतोय? म्हैस निघालीया." त्याचे डोळे लुकलुकले. "म्हैस कुठं निघाली?" "माझ्या सासुरवाडीला." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "तिथं म्हशीचं काय काम?" आणि मी, रेडिओत मुरलेला माणूस, लगेच म्हणालो, "बायकूला आणाया. माझं न्हाई ऐकत ती." अनितानं मान वर केली. "एवढंच हाय व्हय?" ती म्हणाली. हौसरावचा चेहरा पडला. तो खाली बघत मान हलवू लागला, नाही, नाही, असं. मग पुन्हा माझ्याकडं वळला, चुकलेल्या पोराला पुन्हा पाढा म्हणायला लावावा तसा, आणि सावकाश म्हणाला, "तिथं म्हशीचं काय काम?"

खुंट्याला एक रिकामं दावं होतं, म्हशी मागं नेल्यावर राहिलेलं. मी वाकून ते उचललं. गुडघे कुरकुरले. दाव्याकडं बघितलं. अनिताकडं बघितलं, दारात उभ्या प्रगतीकडं बघितलं, पुन्हा दाव्याकडं. अंगणात सगळं गप्प झालं. इथं काच कुणी ठोठावत नव्हतं. मला उत्तर म्हणायचं होतं, तेच, ठरलेलं, पण ते घशात येऊन थांबलं, आणि माझा चेहरा काय करत होता ते मला ठाऊक नाही, कारण मी तो करत नव्हतो. प्रगतीनं ओढणी तोंडाला लावली आणि तिला हसू फुटलं. मग अनिताला. मी थांबलो. तेही ओसरत आलं तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी कागदावर नसलेला जबाब दिला. अगदी हळू दिला.

"जोडीदाराला आणाया," मी म्हणालो. "मीच त्याला मेला म्हणून सांगितलंय. आता कुठल्या तोंडानं बोलावू?"

हौसरावनं तो जबाब नीट ऐकला. मग हात टेकून उठला, डगमगला, प्रगती धावली तर तिला बाजूला सारलं. शेवटच्या झाडावरच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात, ओसरीकडं, शेडकडं, रस्त्याकडं तोंड करून तो ओरडला, "ऐकलं का मंडळी? ह्यानंच जोडीदाराला मेला म्हणून सांगितलंय म्हणं! आन् आता म्हशीला धाडतोय!" शेजारच्या घरातून कुणीतरी बाहेर डोकावलं. अनिता पोट धरून हसत होती, घमेलं तिरकं होऊन ज्वारी जमिनीवर सांडली. मागच्या शेडमध्ये म्हैस हंबरली आणि त्यावर सगळे पुन्हा हसले. माझे डोळे भरून आले होते. आता खरं बोलायचं होतं, त्याचा हात धरून, त्याच्या कानाशी. मी तोंड उघडलं. हौसराव माझ्याकडं न बघता, अंगणाकडं बघत, एक हात वर करून उभा होता.

"थांब," तो म्हणाला. "हसू दे त्यास्नी."

मी थांबलो.